सरकी काढण्याच्या यंत्राचा मोबदला: एलाय व्हिटनी आणि जॉर्जियातील चौदा वर्षे

पार्श्वभूमी

एलाय व्हिटनी १७९२ मध्ये येल महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, डोक्यावर कर्ज होते आणि पुढे वकिली शिकावी असा त्यांचा बेत होता. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टबरो येथील शेतकरी कुटुंबात ते वाढले. यंत्रकामावर त्यांचा हात लहानपणीच बसला होता. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात खिळ्यांचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांनी घरच्या कार्यशाळेत खिळे बनवून विकले होते. दक्षिणेत शिकवणीची नोकरी मिळणार म्हणून ते निघाले, परंतु पगार ठरल्यापेक्षा निम्माच मिळणार असे कळल्यावर त्यांनी ती सोडली आणि प्रवासात ओळख झालेल्या कॅथरीन ग्रीन यांच्या आमंत्रणावरून जॉर्जिया राज्यात, सव्हाना शहराजवळच्या मलबेरी ग्रोव्ह या मळ्यावर मुक्काम केला. कॅथरीन या स्वातंत्र्ययुद्धातील सेनापती नॅथॅनिएल ग्रीन यांच्या विधवा पत्नी. मळ्याचा कारभार फिनिअस मिलर पाहत. तेही येलचे पदवीधर होते आणि १७९६ मध्ये त्यांचा कॅथरीन यांच्याशी विवाह झाला.

त्या वर्षांत दक्षिणेतील मळेवाले हातात नगदी पीक नसल्यामुळे अडचणीत होते. लांब धाग्याचा कापूस समुद्रकाठच्या बेटांवर आणि किनारपट्टीवरच चांगला येई. त्याची काळी सरकी गुळगुळीत असल्यामुळे दोन रूळांमधून ती सहज निघे; आपल्याकडे शतकानुशतके वापरात असलेला रेचा याच तत्त्वावर चालतो. किनाऱ्यापासून आत, उंचावरच्या जमिनीत आखूड धाग्याचा कापूस भरपूर पिकू शकत होता, पण त्याच्या हिरवट सरकीला रुई घट्ट चिकटलेली असे. ती हाताने सोडवायची तर एका माणसाची दिवसभराची मेहनत जेमतेम एक पौंड रुई देई. ही मेहनत प्रामुख्याने मळ्यांवरील गुलाम माणसांची होती. इंग्लंडातील गिरण्यांना मात्र हवी तेवढी रुई मिळत नव्हती.

व्हिटनी यांनी थोड्याच दिवसांत या कापसाची सरकी काढणाऱ्या यंत्राचा एक लहान नमुना तयार केला आणि १७९३ च्या वसंत ऋतूपर्यंत मोठे यंत्र चालवून दाखवले. लाकडी रूळावर तारेचे दाते बसवलेले, समोर अरुंद फटींची जाळी, दात्यांनी ओढलेली रुई फटीतून पलीकडे जाते आणि सरकी अलीकडेच राहते, मागे उलट फिरणारा ब्रश दात्यांवरची रुई झाडून काढतो. रूळाला कापूस चेंगरू न देता तो दात्यांनी ओढून घ्यायचा, ही यातली खरी नवी गोष्ट होती. त्या वर्षीच्या सप्टेंबरात वडिलांना लिहिलेल्या पत्रात व्हिटनी यांनी कळवले की या यंत्रावर एक माणूस आणि एक घोडा जुन्या यंत्रांवरच्या पन्नास माणसांहून अधिक काम करतील.

२७ मे १७९३ रोजी मिलर आणि व्हिटनी यांनी भागीदारीचा करार केला. भांडवल मिलर यांनी घालायचे, यंत्रे व्हिटनी यांनी उत्तरेत न्यू हेवन येथे बनवायची आणि नफा निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा, असे ठरले. जूनमध्ये पेटंटसाठी अर्ज गेला. तेव्हा पेटंटचे काम परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांच्या खात्याकडे होते. त्यांनी नोव्हेंबरात उलट पत्र पाठवून यंत्र प्रत्यक्ष किती काम करते, त्याची किंमत काय, असे प्रश्न विचारले, कारण त्यांना स्वतःच्या मळ्यासाठीही असे यंत्र हवे होते. १४ मार्च १७९४ रोजी चौदा वर्षांच्या मुदतीचे पेटंट मिळाले.

हे पेटंट मोडून यंत्र बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या मळेवाल्यांची आणि कारागिरांची नावे येथे दिलेली नाहीत, कारण ते एकदोन माणसांचे वागणे नव्हते. एका संपूर्ण प्रदेशाचे होते.

प्रश्न काय होता

शोध लागला, त्याची उपयुक्तता कोणीही नाकारली नाही, कायदेशीर हक्कही मिळाला. तरीही त्यातून पैसा उभा राहत नव्हता, आणि याची तीन कारणे पहिल्या वर्षापासूनच होती.

पहिले कारण यंत्राच्या साधेपणात होते. ज्याने ते एकदा उघडे पाहिले, त्याला लोहार आणि सुतार यांच्या मदतीने तसेच दुसरे बनवता येई. पेटंट मिळण्यापूर्वीच मलबेरी ग्रोव्हवरील यंत्राची बातमी चोहीकडे पसरली होती, आणि काही लोकांनी रात्री इमारत फोडून ते नेले, असे व्हिटनी यांच्या सुरुवातीच्या चरित्रात नमूद आहे. दुसरे कारण वेळेचे होते. यंत्र येणार या भरवशावर मळेवाल्यांनी त्या हंगामातच कापसाचा पेरा वाढवला. पीक उभे राहिल्यावर सरकी काढण्यासाठी त्यांना वर्षभर थांबणे शक्य नव्हते. तिसरे कारण कायद्यात दडले होते, आणि ते भागीदारांच्या लक्षात येईपर्यंत चार वर्षे गेली.

कोणते पर्याय समोर होते

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय १७९३-९४ च्या हिवाळ्यात झाला, आणि पुढच्या बहुतेक गोष्टी त्यातून निघाल्या, म्हणून त्यावर अधिक थांबणे योग्य ठरेल.

भागीदारांसमोर मोकळेपणाने तीन मार्ग होते. यंत्रे बनवून मळेवाल्यांना विकता आली असती. यंत्र कोणीही बनवावे, पण वापराबद्दल ठरावीक रक्कम भरून परवाना घ्यावा, अशी व्यवस्था करता आली असती. किंवा यंत्र कोणालाही न देता सगळे जिनिंग, म्हणजे सरकी काढण्याचे काम, आपल्याच ताब्यात ठेवता आले असते: मळेवाल्याने कापूस आणायचा, कंपनीने सरकी काढायची आणि मोबदला म्हणून रुईचा वाटा ठेवून घ्यायचा, जसा धान्य दळणाऱ्या गिरण्यांचे मालक घेत असत. त्यांनी तिसरा मार्ग निवडला. मार्च १७९४ मध्ये मिलर यांनी जॉर्जियातील वृत्तपत्रात जाहिरात दिली, की सरकीसह पाच पौंड कापूस आणणाऱ्याला एक पौंड स्वच्छ रुई परत मिळेल.

विदर्भ-खानदेशातील कापूस उत्पादकाला या आकड्याचा अर्थ लगेच समजेल. रुईचा उतारा एक तृतीयांश धरला तर पाच पौंड कापसातून सुमारे एक पूर्णांक दोन तृतीयांश पौंड रुई निघते. त्यातला एक पौंड शेतकऱ्याला मिळाला, म्हणजे कंपनीने दोन पंचमांश रुई ठेवली. हजार पौंड रुईमागे चारशे पौंड. पौंडाला पंचवीस सेंट भाव धरला तरी मळेवाल्याला शंभर डॉलर मोजावे लागणार होते, आणि पुढच्या वर्षी पीक दुप्पट झाले तर दोनशे.

भागीदारांची बाजूही समजून घेतली पाहिजे. हाताने सरकी काढण्याच्या तुलनेत या दरानेही मळेवाल्याचा मोठा फायदा होता, कारण यंत्राशिवाय आखूड धाग्याचा कापूस पिकवणेच परवडत नव्हते. यंत्र आपल्याच ताब्यात राहिले तर नक्कल रोखता येईल, असाही त्यांचा विचार असावा. कागदावर हा मार्ग सर्वाधिक नफ्याचा होता, यात शंका नाही.

परंतु त्याच्या तीन अटी होत्या, आणि त्यांपैकी एकही पूर्ण होण्यासारखी नव्हती. सगळ्या प्रदेशातील कापसाची सरकी वेळेत काढता येईल इतकी यंत्रे ठिकठिकाणी उभी हवी होती, म्हणजे भांडवल प्रचंड हवे होते. यंत्राची नक्कल अवघड असायला हवी होती. आणि मळेवाल्याला कंपनीचा दर आणि स्वतः बनवलेल्या यंत्राचा खर्च यांतला फरक इतका मोठा वाटायला नको होता की कायदा मोडणे हाच त्याला शहाणपणाचा व्यवहार वाटेल.

काय केले गेले

कंपनीची ताकद तोकडी पडली. १७९४ मध्ये न्यू हेवनमध्ये साथीचे आजार पसरले आणि कारागीर आजारी पडले. ११ मार्च १७९५ रोजी कार्यशाळेला आग लागून तयार वीस यंत्रे आणि सामान जळाले. व्हिटनी त्या वेळी न्यूयॉर्कहून तापाने आजारी होऊन परतत होते, आणि आता कंपनीवर हजारो डॉलरचे कर्ज होते. मिलर यांनी वाढत्या व्याजाने पैसे उचलले. त्याच सुमारास त्यांनी जॉर्जियाच्या पश्चिमेकडील यॅझू जमिनींच्या सट्ट्यातही पैसा गुंतवला, आणि तो व्यवहार राज्याच्या विधिमंडळाने नंतर रद्द केल्यामुळे फसला. भांडवलाची सर्वाधिक निकड असलेल्या वर्षी ते दुसरीकडे अडकवणे, हा निर्णय मला समर्थनीय वाटत नाही.

१७९६ पर्यंत कंपनीची सुमारे तीस यंत्रे जॉर्जियात आठ ठिकाणी चालू होती. शेकडो मैलांत पसरलेल्या आणि दरवर्षी वाढणाऱ्या पिकासाठी ही संख्या नगण्य होती. त्याच वर्षी मे महिन्यात ऑगस्टा शहरातील एका कारागिराने तारेच्या दात्यांऐवजी लोखंडी चकतीला करवतीसारखे दाते कापून वेगळे पेटंट मिळवले. हा बदल खरोखरच टिकाऊ होता. मूळ तत्त्व व्हिटनी यांचेच असले तरी आता नक्कल करणाऱ्याला सांगायला एक कायदेशीर सबब मिळाली. याच काळात इंग्लंडातून अशी तक्रार आली की यंत्राने काढलेल्या रुईत गाठी पडतात आणि धागा बिघडतो. व्हिटनी यांनी स्वतः इंग्लंडला जाऊन समजूत घालायचे ठरवले, पण प्रवासाला पैसा नव्हता. तक्रार कालांतराने मागे पडली, तरी कंपनीच्या यंत्रांचे एकदोन हंगाम तेवढ्यात वाया गेले.

मग भागीदार न्यायालयात गेले. मे १७९७ मधील पहिल्याच महत्त्वाच्या खटल्यात ज्यूरीने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. १७९३ च्या पेटंट कायद्यातील कलमात उल्लंघनाची व्याख्या करताना शोध ‘बनवणे, योजणे आणि वापरणे किंवा विकणे’ अशी शब्दरचना होती. त्यातील ‘आणि’मुळे केवळ वापरणाऱ्या मळेवाल्यावर दोष येत नाही, अशी वाट प्रतिपक्षाला मिळाली. यंत्र लोहाराने बनवले, वापरले मळेवाल्याने, मग एकाच माणसाने दोन्ही केले हे सिद्ध कसे करायचे? ही चूक काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १८०० मध्ये दुरुस्त केली. तोवर पेटंटच्या चौदा वर्षांपैकी सहा गेली होती.

१७९९ मध्ये मिलर यांनी कळवले की जॉर्जियात जिनिंगमधून काही मिळण्याची आशा संपली आहे, चोरून उभारलेली यंत्रे सर्वत्र दिसतात, आणि ऑगस्टाच्या ज्यूरीतील लोकांनी खटल्यातले तथ्य काहीही असो, कंपनीच्या बाजूने निकाल द्यायचा नाही असे आपसात ठरवले आहे. ज्यूरीत बसणारे लोक स्वतःच मळेवाले होते. जॉर्जियाच्या गव्हर्नरांनीही १८०० मध्ये विधिमंडळापुढील संदेशात या पेटंटला मक्तेदारी म्हणून विरोध केला. पुढे व्हिटनी यांनी लिहिले आहे की, न्यायालयापासून पन्नास यार्डांच्या आत तीन यंत्रे चालू होती आणि त्यांचा खडखडाट पायऱ्यांवर ऐकू येत होता, तरी राज्यात यंत्र वापरले जाते हे सिद्ध करायला त्यांना कष्ट पडले.

दुसरा मोठा निर्णय १८०१ च्या आसपासचा. एकेका मळेवाल्याशी लढण्याऐवजी राज्यांच्या विधिमंडळांशी व्यवहार करायचा, म्हणजे राज्याने हक्क विकत घ्यावा आणि आपल्या नागरिकांना वापरू द्यावा. साउथ कॅरोलायनाकडे एक लाख डॉलरची मागणी होती, व्यवहार पन्नास हजारांवर झाला; वीस हजार लगेच आणि उरलेले तीन हप्त्यांत. नॉर्थ कॅरोलायनाने १८०२ मध्ये प्रत्येक करवती चकतीवर वर्षाला अडीच शिलिंग कर पाच वर्षांसाठी लावून तो भागीदारांना देण्याचे ठरवले. टेनेसीने १८०३ मध्ये दर चकतीला साडेसदतीस सेंट ठरवले. चाळीस चकत्यांच्या यंत्राला वर्षाकाठी पंधरा डॉलर, मग त्यातून कितीही रुई काढा. वर मांडलेल्या शंभर डॉलरच्या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवला की सुरुवातीचा दर आणि लोक प्रत्यक्षात द्यायला तयार असलेला दर यांतील अंतर दिसते.

परिणाम

साउथ कॅरोलायनाने १८०३ मध्ये हप्ते थांबवले आणि दिलेले वीस हजार परत मिळावेत म्हणून उलट दावा केला. १८०४ मध्ये मात्र तेथील विधिमंडळाने आधीचा करार पुन्हा मान्य केला. त्याआधी, ७ डिसेंबर १८०३ रोजी मिलर यांचा मृत्यू झाला. मलबेरी ग्रोव्ह कर्ज फेडण्यासाठी १८०० मध्येच विकावा लागला होता. कॅथरीन यांनी या भागीदारीत केवळ आसरा दिला नव्हता, आपली मालमत्ताही पणाला लावली होती, ही बाजू बहुतेक वृत्तांतांत फारच थोडक्यात आटोपली जाते.

जॉर्जियात साठाहून अधिक दावे दाखल झाले, तेव्हा कुठे त्यांपैकी एकाचा निकाल मूळ मुद्द्यावर लागला. १८०७ मध्ये न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी पेटंट वैध ठरवून कायमचा मनाईहुकूम दिला, आणि या यंत्रामुळे दक्षिणेची कर्जे फिटली, भांडवल वाढले व जमिनींच्या किमती तिपटीने वाढल्या, असे निकालपत्रात नमूद केले. हा निकाल आला तेव्हा पेटंटची मुदत संपायला थोडेच महिने उरले होते. १८१२ मध्ये व्हिटनी यांनी मुदतवाढीसाठी काँग्रेसकडे अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. राज्यांकडून मिळालेल्या पैशांचा मोठा भाग कर्ज, प्रवास आणि खटले यांत गेला.

त्याच अवधीत अमेरिकेची कापूस निर्यात १७९३ मधील सुमारे पाच लाख पौंडांवरून १८०० मध्ये जवळपास एक कोटी ऐंशी लाख पौंडांवर आणि १८१० पर्यंत नऊ कोटींच्या वर गेली. या वाढीची सर्वांत मोठी किंमत व्हिटनी यांनी मोजलेली नाही, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. सरकी काढण्याचे श्रम कमी झाले, पण कापूस लावणे, निंदणे आणि वेचणे हे सगळे हातानेच होई. आखूड धाग्याच्या कापसासाठी नव्या जमिनी फोडल्या गेल्या आणि त्यावर राबण्यासाठी गुलाम माणसांची मागणी वाढली. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे सात लाख माणसे गुलामीत होती. १८६० मध्ये ती संख्या चाळीस लाखांच्या जवळ पोहोचली. मलबेरी ग्रोव्हवर राबणाऱ्या माणसांच्या हातांनी कोणते यंत्र बनवायला किती मदत केली, हे नोंदवण्याची गरज त्या काळी कोणाला वाटली नाही, आणि पेटंट घेण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. शोधकाचा मोबदला हुकल्याची हकिकत सांगताना ही दुसरी हकिकत वगळली, तर पहिलीही खोटी ठरते.

व्हिटनी यांचे स्वतःचे आयुष्य दुसऱ्या कामावर उभे राहिले. १४ जून १७९८ रोजी त्यांनी संघराज्य सरकारशी दहा हजार बंदुका दोन वर्षांत देण्याचा, सुमारे एक लाख चौतीस हजार डॉलरचा करार केला. त्या बंदुका पूर्ण व्हायला १८०९ उजाडले, तरी सरकारने वेळोवेळी आगाऊ रक्कम दिली आणि न्यू हेवनजवळचा कारखाना टिकला. ८ जानेवारी १८२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते गरीब नव्हते. पण ती मिळकत बंदुकांची होती.

यंत्र पुढे जगभर गेले. १८४० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकन मळेवाल्यांना आणून मुंबई इलाख्यात अमेरिकन कापसाचे आणि करवती जिनचे प्रयोग केले, आणि धारवाड भागात ते रुजले. तोवर पेटंट कधीच संपले होते. आपल्याकडे मात्र बहुतेक जिनिंग कारखान्यांत आजही रूळांचीच यंत्रे चालतात, कारण करवतीचे दाते धाग्याला अधिक दुखावतात. म्हणजे १७९६ च्या सुमारास इंग्लंडातून आलेली तक्रार पूर्णपणे निराधार नव्हती.

वेगळे काय करता आले असते

नकलेची चोरी हेच अपयशाचे कारण, असे बहुधा सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. नक्कल होणार हे यंत्राच्या रचनेतूनच ठरलेले होते, आणि भागीदारांना ते पहिल्या वर्षी कळले होते. असे असताना त्यांनी जो दर आणि जी पद्धत निवडली, तिने प्रत्येक प्रामाणिक ग्राहकाला दोनच वाटा ठेवल्या: पिकाचा दोन पंचमांश भाग द्या, किंवा पेटंट मोडा. तीस यंत्रांच्या आवाक्याबाहेर राहणाऱ्यांना तर पहिली वाटही नव्हती. १७९४ मध्येच यंत्रामागे ठरावीक वार्षिक रक्कम घेऊन परवाने दिले असते, तर भांडवलाची गरज कमी झाली असती, स्थानिक कारागिरांना प्रतिस्पर्धी होण्याऐवजी परवानाधारक होता आले असते, आणि ज्यूरीत बसलेल्यांपैकी काही जण तरी पैसे भरलेले, म्हणून फुकट वापरणाऱ्या शेजाऱ्यावर नाराज असलेले लोक असते. परवान्यांची विक्री त्यांनी पुढे सुरू केली, पण तोवर फुकट वापरण्याची सवय लागली होती, आणि खटला हरलेल्या माणसाकडून परवाना कोण घेणार?

कायद्यातील त्रुटीबाबत भागीदारांना दोष देणे कठीण आहे. १७९३ चा कायदा नवा होता आणि त्या शब्दरचनेची कसोटी कोणी घेतली नव्हती. तरीही मे १७९७ मध्ये ती उघड झाल्यावर त्यांनी जॉर्जियात आणखी दावे लावण्यापेक्षा सगळी शक्ती काँग्रेसमध्ये दुरुस्ती घडवून आणण्यावर लावली असती, तर तीन वर्षांतला काही काळ वाचला असता. विधिमंडळांशी सौदे करण्याची युक्तीही १८०१ ऐवजी त्याच वेळी वापरता आली असती. त्या सौद्यांत एक कच्चा दुवा राहिला: पैसे हप्त्यांत येणार होते आणि हक्क आधीच दिला गेला होता, त्यामुळे राज्याने हात आखडता घेतला तेव्हा व्हिटनी यांच्याकडे रोखून धरण्यासारखे काही उरले नाही. अधिक रक्कम लगेच घेऊन एकूण किंमत कमी ठेवणे, हा पर्याय साउथ कॅरोलायनाच्या वेळी तरी विचारात घेण्यासारखा होता.

जॉर्जियाबद्दल मात्र मी इतक्या खात्रीने लिहू शकत नाही. तेथे परवान्याचा दर कितीही कमी असता, तरी सहा वर्षे कायदा वापरणाऱ्याच्या बाजूने होता, राज्यप्रमुख विरोधात होते आणि निकाल देणारे स्वतः यंत्र वापरत होते. शेजारच्या राज्यांनी थोडेफार दिले, कारण त्यांना पेटंटचा वाद मिटवून मोकळे व्हायचे होते. जॉर्जियात यंत्र जन्माला आले, सर्वांत आधी पसरले, आणि तेथील विधिमंडळाने शेवटपर्यंत काहीच दिले नाही. व्हिटनी यांनी १७९४ मध्ये पहिले परवाने उत्तरेकडील कॅरोलायना राज्यांत विकले असते आणि जॉर्जियाला शेवटी हात घातला असता, तर हिशेब वेगळा झाला असता असे मला वाटते. पण ज्या माणसांनी त्यांना घर, भांडवल आणि कार्यशाळेची जागा दिली, ती जॉर्जियातच होती, आणि १७९३ मध्ये त्यांच्याकडे दुसरे कोणी नव्हते.